जन्माने काय मिळावं? फँटसी खेळांतल्या वंशनिवडीच्या वादाची पन्नास वर्षं

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. जग कसं आहे, बंद दाराआड काय दडलं आहे, हे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसेल, तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या वळणावर गेलेल्या असंख्य खेळांचा हा साचा. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाला आपलं पात्र घडवावं लागतं, आणि त्यात दोन निवडी कळीच्या असतात. पात्राचा पेशा, म्हणजे क्लास, ही एक. पात्राचा वंश ही दुसरी. मानव, एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग, नोम, ऑर्क, ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग अशी ती यादी असते.

नवख्या खेळाडूला ही निवड चेहऱ्यामोहऱ्यापुरती वाटते. प्रत्यक्षात हा भाग खेळाच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत नव्याने लिहिला गेला आहे. 2020 नंतर तर त्यावरची चर्चा खेळाडूंच्या वर्तुळाबाहेर, संशोधकांच्या आणि वृत्तपत्रांच्या पानांपर्यंत पोहोचली. तपशील अनेक आहेत, पण वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: पात्राला काय जन्माने मिळावं, काय संस्कारांनी, आणि काय खेळाडूच्या मर्जीने?

मानवांचं जग, बाकीचे पाहुणे

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ 1974 साली टीएसआर या कंपनीने तीन छोट्या पुस्तिकांत आणला. त्यात मानवाखेरीज ड्वॉर्फ, एल्फ आणि हॉबिट होते. मानव त्यातल्या तिन्ही पेशांत हव्या त्या उंचीपर्यंत चढू शकत असे. ड्वॉर्फला फक्त योद्धा होता येई, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत, म्हणजे प्रगतीच्या सहाव्या पायरीपर्यंत. हॉबिट चौथ्या लेव्हललाच थांबे. एल्फ योद्धाही होई आणि जादूगारही, पण योद्धा म्हणून चौथी आणि जादूगार म्हणून आठवी लेव्हल ही त्याची सीमा. गंमत अशी की त्याच पुस्तिकेत खेळाडूला जवळजवळ कोणताही जीव चालवण्याची मुभाही होती, अगदी ड्रॅगनसुद्धा. अट एवढीच, की त्याने दुबळ्या अवस्थेपासून सुरुवात करावी.

हॉबिट फार काळ टिकले नाहीत. 1977 च्या सुमारास टोल्किनच्या कथांचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीने हरकत घेतली आणि हॉबिटचे हाफलिंग झाले. स्वतः गायगॅक्स टोल्किनचं ऋण कमी लेखत असत. त्यांचा ओढा रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स यांच्या साहसकथांकडे होता, आणि त्या कथांचे नायक बहुतेक माणसंच असतात. 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये राक्षसी पात्रं चालवू पाहणाऱ्या खेळाडूंविषयी एक स्वतंत्र टिपण आहे. खेळाचं जग मानवकेंद्री राहिलं तरच ते डीएमला पेलता येतं आणि खेळाडूला ओळखीचं वाटतं, असा त्यातला युक्तिवाद आहे.

1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ही चौकट पक्की केली. वंश सात झाले: ड्वॉर्फ, एल्फ, नोम, हाफ-एल्फ, हाफलिंग, हाफ-ऑर्क आणि मानव. प्रत्येकाच्या क्षमतांत अधिक-उणे आलं. एल्फची चपळाई एकाने वाढे, काटकपणा एकाने घटे. हाफ-ऑर्क ताकदीत आणि काटकपणात वरचढ, पण व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावात दोनाने उणा. कोणत्या वंशाला कोणत्या वंशाविषयी जिव्हाळा किंवा तिटकारा वाटतो, याचा तक्ताच छापलेला होता. स्त्री-पात्रांच्या ताकदीला वेगळी कमाल मर्यादाही होती. ती 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. 1981 साली टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या सोप्या ‘बेसिक’ संचात तर वंश हाच पेशा होता. तिथे एल्फ जादूगार की एल्फ योद्धा, असा प्रश्नच येत नसे; एल्फ म्हणजे तलवार आणि जादू दोन्ही चालवणारा, एवढंच.

दारं उघडत गेली

पहिला धक्का एका कादंबरीने दिला. आर. ए. साल्व्हाटोर यांच्या 1988 सालच्या ‘द क्रिस्टल शार्ड’मध्ये ड्रिझ्ट डू’उर्डेन हा काळ्या कातडीचा एल्फ, म्हणजे ड्राव, वाचकांना भेटला. ड्राव तोवर खेळातले क्रूर, भूमिगत शत्रू होते; हा मात्र आपल्या लोकांकडे पाठ फिरवून आलेला सज्जन वनवीर. खेळाडूंना असंच पात्र हवंसं वाटू लागलं. पुढच्या दशकात ‘डार्क सन’ या खेळविश्वाने कीटकरूपी थ्री-क्रीन आणि ‘प्लेनस्केप’ या खेळविश्वाने सैतानी रक्ताचे टीफलिंग खेळाडूंच्या हाती दिले.

1997 साली टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली, आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलच्या मर्यादा पुसून टाकल्या. कोणताही वंश, कोणताही पेशा. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने क्षमतांमधले उणे आकडे काढले, फक्त अधिक ठेवले, आणि ड्रॅगनबॉर्न व टीफलिंग यांना मुख्य पुस्तकात बसवलं. 2014 ची पाचवी आवृत्ती नऊ वंश घेऊन आली आणि खेळाला अभूतपूर्व लोकप्रियता मिळाली.

इतकं वैविध्य असूनही माणसाची ओढ कायम राहिली. ‘डी अँड डी बियाँड’ या डिजिटल सेवेवर बनवलेल्या पात्रांची आकडेवारी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यात चारांतलं एक पात्र मानव होतं, आणि सर्वांत नेहमीची जोडी मानव योद्ध्याची होती. वंशनिवडीच्या चर्चेत हे लक्षात ठेवावं लागतं: पर्याय वाढले तरी बरेच जण साध्या माणसापासूनच सुरुवात करतात.

एका आकड्याचं वजन

पुढचा वाद समजायला थोडं गणित लागतं. प्रत्येक पात्राला सहा क्षमता असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव. 2014 च्या नियमांत ठरीव आकडे घेतले तर सर्वांत मोठा आकडा 15. फासा टाकताना मात्र तो आकडा थेट वापरत नाहीत. त्यावरून निघणारा बोनस मिळवतात. 14 किंवा 15 असेल तर अधिक दोन, 16 किंवा 17 असेल तर अधिक तीन.

आता जादूगार घ्या, ज्याचं सारं काम बुद्धीवर चालतं. नोमला जन्मतः बुद्धीत दोन गुण मिळत, म्हणून त्याचे 15 चे 17 होत आणि बोनस तीन. हाफ-ऑर्कला ताकद व काटकपणा मिळे, म्हणून त्याची बुद्धी 15 वरच आणि बोनस दोन. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे पाच टक्के. चौथ्या लेव्हलला दोघांना क्षमता वाढवायची संधी मिळते, पण हाफ-ऑर्क एक पायरी मागेच राहतो. वीसच्या कमाल आकड्याला नोम दोन संधींत पोहोचतो, हाफ-ऑर्कला तीन लागतात.

पाच टक्के थोडे की फार, इथे दोन तट पडतात. प्रत्येक हल्ल्यात हा फरक मोजला जातो, म्हणून हिशेबी खेळाडू हाफ-ऑर्क जादूगाराच्या वाटेलाच जात नाहीत आणि त्याच त्या जोड्या टेबलावर येत राहतात, असं एक बाजू सांगते. दुसरी बाजू त्याच हाफ-ऑर्कच्या जन्मजात चिवटपणाकडे बोट दाखवते. जीव शून्यावर येत असताना तो एकदा एका गुणावर तग धरू शकतो, आणि नाजूक जादूगाराला याहून उपयोगी दुसरं काय असणार? हाफलिंगला फाशावर एक पडला तर तो पुन्हा टाकता येतो. ड्वॉर्फ विषाला सहज बधत नाही. असे गुण कोणत्याही पेशात कामी येतात, आणि त्यांची किंमत बोनसच्या आकड्यात मोजता येत नाही.

चार भूमिका

या वादात आज चार मुख्य भूमिका दिसतात.

पहिली जुन्या वळणाच्या खेळाडूंची. त्यांच्या मते मर्यादा हीच वंशाची ओळख आहे. एल्फ शेकडो वर्षं जगतो, अंधारात पाहतो, जादू त्याच्या रक्तात असते. मग मानवाला काहीतरी वेगळं मिळायलाच हवं, आणि अमर्याद प्रगती हे ते वेगळेपण होतं. ही परंपरा मागे पडली असली तरी संपलेली नाही. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ने 2012 साली आणि ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ने 2019 साली वंश हाच पेशा ही पद्धत पुन्हा आणली. ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’च्या 2018 च्या आवृत्तीत वंश फाशाने काढता येतो, आणि शंभरातल्या पहिल्या नव्वद आकड्यांवर मानवच येतो.

दुसरी भूमिका ठसठशीत वंशांची. मर्यादा नकोत, पण फरक हवेत. अडीच मीटर उंचीचा गोलायथ आणि मीटरभर उंचीचा हाफलिंग सारख्याच ताकदीने सुरुवात करत असतील, तर उंचीच्या वर्णनाला अर्थ काय, असं ही मंडळी विचारतात. सगळे गुण हलवता आले तर एल्फ म्हणजे टोकदार कानांचा माणूस उरेल, ही त्यांची चिंता. या भूमिकेचं सर्वांत सखोल रूप ल्यूक क्रेन यांच्या ‘द बर्निंग व्हील’मध्ये दिसतं. तिथे एल्फला दुःख, ड्वॉर्फला लोभ आणि ऑर्कला द्वेष असा स्वतंत्र गुण असतो. तो खेळाबरोबर वाढतो आणि पात्राला गिळूही शकतो. फरक स्नायूंत नसून मनाच्या घडणीत आहे, असं हा खेळ धरून चालतो.

तिसरी भूमिका मोकळीकीची. साहसाला निघालेलं पात्र मुळातच आपल्या समाजातला अपवाद असतं, मग त्याला सरासरीचे आकडे का लावायचे? ड्वॉर्फ कवी किंवा ऑर्क पंडित रंगवू पाहणाऱ्याला नियमांनी दंड करू नये. शिवाय वंशाच्या रकान्यात शरीर आणि संस्कार यांची सरमिसळ झालेली आहे, हाही त्यांचा मुद्दा. अंधारात दिसणं हा डोळ्यांचा गुण, पण दगडी बांधकामाची जाण किंवा धनुष्याचा सराव हा शिकवणुकीचा. एल्फांनी वाढवलेल्या ड्वॉर्फला कुऱ्हाड चालवणं जन्मतःच कसं येईल?

चौथी भूमिका टीकाकारांची, आणि वादाला धार तिच्यामुळे आली. कल्पित वंशांना बुद्धी, स्वभाव आणि नीतिमत्ता जन्मतः चिकटवणं हे खऱ्या जगातल्या वंशवादाच्या तर्काचंच रूप आहे, असं त्यांचं म्हणणं. अभ्यासक हेलन यंग यांच्या 2016 सालच्या पुस्तकाने लोकप्रिय फँटसीतल्या वंशकल्पनांचा माग काढला. त्याच वर्षी आलेल्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मध्ये खेळाडूंसाठीच्या ऑर्कला बुद्धीत दोन गुण उणे होते, आणि टीकेला हाताशी धरता येईल असं उदाहरण मिळालं.

लेखक जेम्स मेंडेझ होड्स यांनी 2019 साली ऑर्कची सांगड थेट इंग्रजांच्या ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताशी घातली. मराठी वाचकाला हा धागा परका नाही. 1857 नंतर बळावलेल्या या सिद्धांताने हिंदुस्थानातल्या जातीजमातींची लढाऊ आणि बिनलढाऊ अशी वाटणी केली. शीख, गुरखा, पठाण यांच्या शौर्याचे गोडवे गायले गेले, पण हुकूम देणारी बुद्धी गोऱ्या अधिकाऱ्याचीच, हे गृहीत होतं. मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती 1892-93 च्या सुमारास थांबली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धातला अल्पकाळ सोडला तर महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडलं. अंगाने दणकट, डोक्याने मंद, दुसऱ्याच्या हुकमावर लढणारा ऑर्क याच विचाराच्या सावलीत घडला, असं होड्स यांचं प्रतिपादन आहे. टोल्किननेही 1958 च्या एका पत्रात ऑर्कचा चेहरामोहरा सांगताना मंगोल वंशाच्या लोकांचा आधार घेतला होता.

या टीकेला मिळालेली उत्तरंही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवीत. त्याच टोल्किनने 1938 साली आर्य असल्याचा दाखला मागणाऱ्या जर्मन प्रकाशकाला सडेतोड उत्तर लिहिलं होतं. त्याला एका पत्रावरून तोलणं अपुरं ठरेल. ऑर्क हा काल्पनिक जीव आहे, त्यात खऱ्या माणसांचा समूह पाहणं हेच त्या माणसांवर अन्याय करणारं आहे, असंही अनेक खेळाडू मानतात. काहींच्या मते उत्तर नियमांत नाही, जगाच्या रचनेत आहे. कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या खेळविश्वात 2004 पासून ऑर्क हे परलोकातल्या संकटांपासून जगाला वाचवणाऱ्या प्राचीन पंथाचे वारस आहेत. त्यासाठी नियमांची मोडतोड करावी लागली नव्हती.

2020 नंतर

17 जून 2020 रोजी विझार्ड्स ऑफ द कोस्टने एक निवेदन काढून ऑर्क आणि ड्राव यांच्या चित्रणात बदल करण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑर्कच्या बुद्धीतले उणे गुण गेले. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने वंशाचे गुण हव्या त्या क्षमतेकडे वळवण्याची मुभा दिली. 2022 च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’मध्ये ती मुभाच नियम बनली. वाट सरळ नव्हती. त्याच वर्षीच्या ‘स्पेलजॅमर’ संचात वानरासारख्या हॅडोझी वंशाची गुलामगिरीतून सुटकेची कथा आली; कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी आणि त्यांच्या विटंबनेशी असलेलं तिचं साम्य वाचकांनी दाखवून दिल्यावर कंपनीने माफी मागून तो मजकूर काढला. डिसेंबर 2022 मध्ये ‘रेस’ हा शब्द सोडत असल्याची घोषणा झाली.

2024 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याजागी ‘स्पीशीज’ आला. त्यात दहा पर्याय आहेत: आसिमार, ड्रॅगनबॉर्न, ड्वॉर्फ, एल्फ, नोम, गोलायथ, हाफलिंग, मानव, ऑर्क, टीफलिंग. क्षमतांचे गुण तिथून निघाले आणि पात्राच्या पूर्वायुष्याकडे, म्हणजे बॅकग्राउंडकडे गेले.

इतर खेळांनी आपापल्या वाटा काढल्या. पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’च्या 2019 च्या आवृत्तीत ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ आहे. तिच्यातून मिळणारं कौशल्य पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या लेव्हलला नव्याने निवडायचं असतं, त्यामुळे वंश पात्राबरोबर वाढतो. तिथेही 2022 पासून ठरलेल्या अधिक-उण्यांऐवजी दोन मोकळे गुण घेता येतात. ‘लेव्हल अप’ने 2021 साली शरीर आणि संस्कृती हे दोन रकाने वेगळे केले. ‘शॅडोडार्क’ने 2023 साली आकडे पूर्ण वगळून प्रत्येक वंशाला एखादा लक्षात राहणारा गुण दिला. 2025 च्या ‘डॅगरहार्ट’मध्ये वंश आणि समाज हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, आणि दोन वंशांचा संकरही नियमांतच बसतो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मिश्र वंशांचा. 2024 च्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क नाहीत. जुन्या पुस्तकातले वापरा, असं कंपनी सांगते. ‘अर्धा’ अशी ओळख माणसाला कमी लेखते, म्हणून हा बदल काहींना योग्य वाटतो. स्वतः मिश्र घरांत वाढलेल्या अनेक खेळाडूंना मात्र आपलं प्रतिबिंब दाखवणारं पात्रच नाहीसं झाल्यासारखं वाटलं. लोकप्रियतेच्या बाजूने पाहिलं तर वगळणं अधिकच खटकतं. ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या ‘बॉल्डर्स गेट 3’ या संगणकीय खेळाच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आकडेवारीत हाफ-एल्फ अव्वल होता.

दुसरा प्रश्न असा, की अडचण सुटली की जागा बदलून बसली? नव्या नियमांत शेतकरी पूर्वायुष्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतच गुण मिळतात. विद्वान पूर्वायुष्याला काटकपणा, बुद्धी आणि शहाणपण. शेतकऱ्याच्या पोरीला जादूगार व्हायचं असेल तर ती आता त्याच पाच टक्क्यांनी मागे राहते, जिथे आधी हाफ-ऑर्क होता. म्हणून वंशाचं बंधन घराण्याच्या धंद्याकडे सरकलं, अशी टीका पुढे आली आहे. यावर समर्थकांचं उत्तर असं, की पूर्वायुष्य हा पात्राने जगलेला भाग आहे, जन्म नव्हे; आणि डीएमला नवं पूर्वायुष्य रचण्याची सोय पुस्तकांत आहेच. जुन्या पुस्तकातलं पूर्वायुष्य घेतलं तर गुण हवे तिथे टाकता येतात, ही आणखी एक पळवाट. तेव्हा जुनी सामग्री नवीपेक्षा मोकळी, अशी विचित्र स्थिती सध्या आहे.

तिसरा प्रश्न समतोलाचा. आकडे गेल्यावर खास गुणांचं वजन वाढतं, आणि ते सारखं नसतं. उडणाऱ्या आराकोक्राला पहिल्याच लेव्हलला दरी, भिंत, खंदक यांची फिकीर राहत नाही; त्यामुळे संघटित खेळांत त्यावर एके काळी बंदी होती. 2024 च्या दहा वंशांपैकी सातांना अंधारात दिसतं, म्हणून अंधाराची भीती घालणारं साहस रचणं डीएमला कठीण जातं.

चौथा प्रश्न जगाच्या एकसंधपणाचा. पात्रांच्या एकाच गटात कासव-मानव, यंत्रमानव, टीफलिंग आणि परी असतील, तर गावातले लोक त्यांच्याकडे कसं पाहतात, हे कुणीतरी ठरवायला हवं. भारतीय कथाविश्वाशी याचा थेट संबंध येतो. ‘पाथफाइंडर’मध्ये 2012 पासून वानर, नागाजी आणि विषकन्या हे खेळता येणारे वंश आहेत. भारतीय प्रेरणेचा वुद्रा हा प्रदेश त्या जगात असल्याने त्यांना तिथे नातीगोती आणि इतिहास मिळतो. दुसऱ्या जगात उचलून नेलं की शेपूट किंवा विष एवढीच ओळख मागे राहते.

या चारही प्रश्नांवर सध्याचा तोडगा टेबलापुरता असतो. मोहिमेआधीच्या बैठकीत, जिला खेळाडू सेशन झिरो म्हणतात, कोणते वंश चालतील, गुण कुठून घ्यायचे, ऑर्क या जगात शत्रू आहेत की शेजारी, हे गट आपसांत ठरवतो. 2014 आणि 2024 ची पुस्तकं अनेक टेबलांवर शेजारीशेजारी उघडी असतात. हाफ-एल्फ मुख्य पुस्तकात परततो का, आणि पूर्वायुष्याशी बांधलेले गुण पुढच्या फेरउजळणीत मोकळे होतात का, या दोन निर्णयांवरून प्रकाशकांनी आजवरच्या चर्चेतून काय उचललं ते स्पष्ट होईल.